आईचं नाव प्रतीक्षा यादीत

कागदोपत्री आम्ही वसईजवळच्या उमेळ्यात कधी राहिलोच नव्हतो. हे मला बारावीत असताना कळलं, एका सरकारी कचेरीच्या लाकडी बाकावर बसून, आणि कळल्यावर आधी हसूच आलं. लग्न होऊन आई ज्या खोलीत आली, मी जिथे रांगले नाही पण अभ्यास केला, जिच्या पत्र्यावर नारळ पडला की आम्ही तिघंही झोपेत दचकायचो, त्या खोलीत आम्ही राहतो याला एकाही कागदाचा आधार नव्हता. रेशनकार्ड गावचं. बाबांचं नाव गावच्या मतदार यादीत. मी जन्मले आईच्या माहेरी, कारण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं, आणि चौथीपर्यंत शिकलेही तिथेच, मामाकडे, कारण बाबांच्या मते लेकराला आधी गावची माती लागली पाहिजे. बाबा मुंबईत एका छापखान्यात मशीनवर होते. तिथल्या कागदांवरही पत्ता कुडाळकडचाच. कुणी विचारलं, "कुठे राहता?", तर ते गावाचं नाव सांगत आणि मग जरा थांबून, "हय आपला बिऱ्हाड आसा," अशी पुस्ती जोडत. वीस वर्षांचं बिऱ्हाड!

आमच्याकडच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. कोकणातून आलेला माणूस मुंबईत चाळीस वर्षं काढतो, पण रेशनकार्डावरचं गावचं नाव कापायचं म्हटलं की त्याला स्वतःलाच कापल्यासारखं वाटतं. बाबांच्या गावच्या घरात आमच्या वाट्याला दोन खोल्या होत्या. अकरा महिने त्यांना कुलूप. गणपतीत उघडायच्या, जाळी-जळमटं काढायची, पाच दिवस वीसजणांचा स्वयंपाक करायचा आणि परत कुलूप. त्या कुलपाची किल्ली बाबा जानव्याला बांधून ठेवत. आईची त्या घरातली जागा चुलीपुढची, ती पण मोठ्या जावेने सांगितलेल्या वेळेत.

उमेळ्याची खोली मात्र तिची होती, म्हणजे तिला तसं वाटायचं. भाऊंची वाडी मोठी. भाऊ म्हणजे वाडीचे मालक, आणि सगळं गाव त्यांना भाऊच म्हणे. केळी, मोगरा, पानवेली, मध्ये विहीर, विहिरीवर पंप. वाडीच्या कडेला त्यांनी चार खोल्या काढल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. सकाळी पंप सुरू झाला की पाटातून पाणी खळखळत आमच्या मोरीमागून जायचं. दुपारी वारा सुटला की केळीची पानं फाटायची, त्या आवाजात मी पाठांतर करायची. भाऊंच्या घरी आपसात त्यांची वेगळी बोली चाले, ती आम्हाला अर्धीमुर्धीच कळे. आमच्याशी बोलताना ते पुस्तकी मराठीवर येत, आणि आम्ही आमची मालवणी गिळून त्यांच्याशी तसंच बोलायचो. उन्हाळ्यात पहाटे आई मोगऱ्याच्या कळ्या खुडायला जायची. येताना तिच्या हातांना वास असायचा आणि त्याच हातांनी ती भाकऱ्या थापायची. काकी, म्हणजे भाऊंची बायको, केळी सुकवायच्या दिवसांत सुकेळी द्यायच्या, पानात गुंडाळून. पाचूबंदरची एक कोळीण आठवड्यातून तीनदा टोपली घेऊन यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. आईच्या दाराशी टोपली उतरवून आधी पाणी मागायची आणि मग भाव सांगायची. आईचं नि तिचं भांडण ऐकून नवख्याला वाटावं आता हातघाईवर येणार, पण शेवटी बांगडे आमच्या ताटलीत आणि उरलेला चहा तिच्या कपात. सगळ्या गोष्टींत आम्ही तिथले होतो. फक्त लिहिलेले नव्हतो.

भाऊ भाडं घेत, पावती देत नसत. पावती दिली की भाडेकरू मालक होतो, अशी त्या काळी वसईतल्या प्रत्येक वाडीवाल्याची पक्की समजूत होती, आणि अगदीच खोटी होती असंही नाही. आजूबाजूच्या वाड्या तेव्हा एकेक करून जात होत्या. आज मोगरा, उद्या खड्डा, परवा खांब. भाऊंकडेही बिल्डरचा एक माणूस पांढरे बूट घालून येऊ लागला. केळीच्या चिखलात पांढरे बूट घालून येणाऱ्याची अक्कल केवढी असेल, असं आई म्हणायची. पण तो यायचा आणि भाऊ त्याला खुर्ची द्यायचे.

विरारच्या बाजूला सरकारी वसाहत बांधली जाणार, सोडत निघणार, हे आईने वर्तमानपत्रात वाचलं. ती सातवी शिकलेली, पण वाणसामान ज्या कागदात बांधून येई तोसुद्धा ती वाचून मगच चुलीत घालायची. बाबांना तिने अर्ज आणायला सांगितला. बाबांनी आणला, चष्मा लावून वाचायला बसले आणि प्रतिज्ञापत्रापाशी येऊन थांबले. "या तालुक्यात माझ्या अथवा माझ्या कुटुंबीयांच्या नावे घर नाही" असं काहीसं छापलं होतं. बाबांनी त्यातले शेवटचे दोनच शब्द वाचले. मी त्यांना परोपरीने समजावलं की बाबा, हे फक्त या तालुक्यापुरतं आहे, गावच्या घराला कुणी हात लावत नाही. तर म्हणाले, आज तालुको म्हणतत, उद्या जिल्हो म्हणतले. चष्मा काढून त्यांनी अर्जाची घडी घातली.

"घर नाय असा मी लिवन देवचंय नाय," ते म्हणाले. "माझा घर आसा."

आई चुलीपुढून उठली नाही. भाकरी उलटली आणि म्हणाली, "आसा. पण ता तुमचा. माझा खयचा?"

बाबांनी अर्ज खिशात घातला. आम्ही जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी ते कामाला गेल्यावर आईने दुसरा अर्ज आणला आणि स्वतःच्या नावाने भरला. मी लिहिलं, तिने सही केली. तिचं अख्खं नाव, माहेरचं सोडून, असं सलग मी तेव्हा पहिल्यांदा लिहिलं असेन. अर्ज स्वीकारणाऱ्या बँकेतल्या माणसाने विचारलं, सर्वसाधारण की स्थानिक? तालुक्यात पंधरा वर्षं राहणाऱ्यांना थोडी घरं राखून ठेवलेली होती. आई म्हणाली, "स्थानिक." तिच्या हेलावरून तो माणूस हसला आणि कुठच्या स्थानिक, म्हणाला. "उमेळ्याच्या. लिहा," आई म्हणाली. रांगेतली एक बाई गालात हसली, तिच्याकडे मी असं बघितलं की तिने पदर सावरला.

सोडतीला आम्ही दोघी गेलो. बाबांनी चौकशीसुद्धा केली नाही. मोठ्या हॉलमध्ये माणसं दाटीवाटीने बसलेली, स्टेजवर पिंप, त्यातून एक शाळकरी मुलगी चिठ्ठ्या काढत होती. प्रत्येक नावाला कुठेतरी एक किंकाळी उठायची आणि बाकीचे तिकडे माना वळवायचे. आमचं नाव आलं ते सगळं संपत आल्यावर, प्रतीक्षा यादीत. आईला वाटलं मिळालं. ती उभीच राहिली. शेजारच्या गृहस्थांनी तिला खाली बसवलं आणि समजावलं की बाई, प्रतीक्षा यादी म्हणजे सभ्य भाषेत नाही. आई त्यांना म्हणाली, नाही म्हणायचं असतं तर नाव कशाला वाचलं असतं?

परवा आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा मोबाइलवर अर्ज भरून, मोबाइलवरच निकाल बघून माझ्याकडे आला. मावशी, वेटिंगला लागलंय, सोडूनच देतो, म्हणाला. मला इतका राग आला की त्याला बसवून चहा पाजला आणि चांगलं तासभर झाडलं. सोडून द्यायला ते तुझं कधी झालं होतं रे? त्या बिचाऱ्याला कळलंच नाही मी कशाला एवढी तापले. आता वयाच्या मानाने मी शांत व्हायला हवं, असं माझी सून सांगते. सांगू दे.

आईने सोडलं नाही. महिन्यातून एकदा ती त्या कचेरीत जायची. पिशवीत मोड आलेले वाल घेऊन. बाकावर बसायची, मांडीवर ताट ठेवायची आणि वाल सोलत राहायची. खिडकीतला कारकून पहिल्यांदा म्हणाला, नंबर आला की कळवू. दुसऱ्यांदा म्हणाला, बाई, हे ऑफिस आहे, स्वयंपाकघर नाही. आई म्हणाली, मग नंबर कितीवर आलाय ते सांगा, लगेच उठते. तो चिडून रजिस्टर उघडायचा, आकडा सांगायचा, आणि खरंच आई उठायची. सालं नीट गोळा करून, बाक पदराने पुसून. कधी मीही बरोबर असायची. आकडा कधी हलायचा, कधी तीन-तीन महिने हलायचा नाही. पैसे न जमलेले, कागदात नापास झालेले, दुसरीकडे घर घेतलेले लोक गळत होते आणि आम्ही वर सरकत होतो. पुढे पुढे कारकून तिला बघितल्याबरोबर आकडा सांगू लागला, तरी ती अर्ध्या ताटाचे वाल सोलून मगच निघायची. एवढ्या लांब आले, जरा बसू नको का, म्हणायची. असे दोन हिवाळे गेले.

आईचा नंबर लागल्याचं कचेरीचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात भाऊंनी बाबांना बोलावून घेतलं. वाडी विकली होती. चारही खोल्या दिवाळीच्या आत रिकाम्या करायच्या होत्या. पांढऱ्या बुटांचा माणूस तिथेच बसलेला. त्याने एक कागद आणला होता, त्यावर आम्ही दोन वर्षांपूर्वी वाडीत आलो आणि आमचा कसलाही हक्क नाही, असं टाइप केलेलं. सही केलीत तर दुसरी खोली बघायला हातभार लावू, भाऊ म्हणाले. वीस वर्षांचा भाडेकरू कागदावर आला असता तर व्यवहार अडला असता, एवढं साधं होतं ते. इकडे आईच्या पत्रात लिहिलं होतं की तालुक्यातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा महिन्याच्या आत सादर करावा, अन्यथा पुढच्या प्रतीक्षार्थीला संधी दिली जाईल. एका बाजूला दोन वर्षं, दुसऱ्या बाजूला पंधरा. भाऊंच्या कागदावर सही केली तर आईचं घर गेलं. नाही केली तर दिवाळीत रस्त्यावर, आणि पुरावा नाहीच हातात.

बाबा सही करायला निघाले होते. ते वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. विरारचं घर मिळणार नाहीच, भाऊंशी वैर कशाला, हातात येतंय ते घेऊ, आणि नाहीच जमलं तर तुम्ही दोघी गावी जा, मी छापखान्याच्या पोरांबरोबर राहीन, असा त्यांचा हिशोब. गावी जा, हे ऐकून आईने हातातली पळी खाली ठेवली. तिचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही.

"मी दोन वर्सांची नाय," ती म्हणाली. "वीस वर्सांची आसंय. जा, सांगा त्यांका."

बाबा गेले नाहीत. मग तीच गेली. मी मागोमाग. भाऊ केळीला टेकू लावत होते. आईने त्यांना सरळ सांगितलं, सही होणार नाही. मला वाडीतलं काही नको, घराची किल्ली मिळाली की त्याच दिवशी खोली सोडते, पण राहिल्याचं खरं ते लिहून द्या. भाऊ म्हणाले, तेवढं सोडून बोला. आईने पदर खोचला आणि त्या केळीच्या टेकूचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून तो घड सावरला. मग आम्ही परत आलो.

कचेरीत आईने सांगितलं, कागद नाही, माणसं आहेत, येऊन विचारा. माझा शाळेचा दाखला शिकल्याचा, राहिल्याचा नव्हे, आणि तोही पाचवीपासूनचा, त्याने पंधरा वर्षं भरेनात. खिडकीतल्या कारकुनाने, वाल सोलणारी बाई म्हणून साहेबांना काय सांगितलं कोण जाणे, पण स्थळपाहणीचा दिवस मिळाला. जागेच्या मालकाचा जबाब घेऊन अहवाल देतो, असं साहेब म्हणाले. मालकाचाच जबाब! मी आईला म्हटलं, संपलं सगळं. ती म्हणाली, घरात साखर आहे का बघ, साहेबांना चहा लागेल.

साहेब आले ते सकाळी दहाच्या सुमाराला. बारीकसे, घामेजलेले, फाइल बगलेत. आईने कोळीण मावशीलाही थांबवून ठेवलं होतं. बाबांनी त्या दिवशी कधी नव्हे ती रजा घेतली होती आणि दारात पायरीवर बसून राहिले होते, कुणाच्या बाजूने ते त्यांनाच ठाऊक. भाऊ आले, मागून पांढरे बूट. साहेबांनी विचारलं, हे कुटुंब इथे कधीपासून? भाऊंनी जमिनीकडे बघत सांगितलं, दोनेक वर्षं झाली असतील. बिल्डरच्या माणसाने मान डोलावली. साहेब लिहू लागले.

तेवढ्यात मावशी पुढे झाली. "साहेब, ही पोर झाली नव्हती तवापासून मी हिच्या दारान मावरा टाकते," ती म्हणाली, "पानी पन हिच्याच हातचा पिते." साहेबांनी तिच्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि इथे तुमची जमीन आहे का, घर आहे का, असं विचारलं. पाचूबंदरला राहणारी ती, उमेळ्यात तिची कुठून जमीन. मग तुमची साक्ष नाही चालत, साहेब म्हणाले. मावशीने टोपली डोक्यावर घेतली आणि जाता जाता, जमिनीलाच तोंड असतं तर विचारा तिलाच, असं काहीसं तिच्या बोलीत पुटपुटली. मला अजून ती जशीच्या तशी दिसते, ताठ मानेने केळीतून जाणारी.

आईने चहा दिला. साहेबांचा कप रिकामा झाल्यावर म्हणाली, हात धुवायला मागे या, पाणी मागे आहे. सगळेच मागे गेलो. मोरीमागे पाटाच्या कडेला एक माड होता. लग्नानंतर आई पहिल्यांदा या खोलीत आली तेव्हा तिच्या आईने कोंब आलेला नारळ ओटीत घातला होता, तोच तिने तिथे लावला. भाऊंनी तेव्हा थट्टा केली होती म्हणे, की तुमचा कोकणचा माड आमच्या वाडीत रुसेल. पण जात्याच माळी माणूस, रुजलेलं झाड त्यांना परकं करता आलं नाही. माडाला मीठ-राख घालायला तेच सांगत, झावळ्या तेच उतरवून घेत. साहेब हात धुऊन रुमाल शोधत होते. आईने भाऊंकडे वळून विचारलं, अगदी रोजच्यासारखं.

"भाऊ, ह्या माडाला किती वर्षं झाली हो?"

भाऊंनी खोडावर तळहात ठेवला. झावळी गळली की माडाच्या अंगावर वळं उरतं, त्या वळ्यांवरून हात वर नेत, मान मागे टाकून ते शेंड्याकडे बघत राहिले. चेहरा पार बदलला. सकाळपासून जमिनीकडे बघणारा माणूस वर बघत होता. "अठराला कमी नाही, वीसच धरा," म्हणाले, आणि मग साहेबांकडे वळून, जणू वाडी दाखवायलाच त्यांना आणलं होतं अशा उत्साहाने सांगू लागले की तिसऱ्या वर्षी याच्या पोग्यात, शेंड्याच्या कोवळ्या कोंबात, भुंगा शिरला होता. सगळे म्हणाले, गेला, तोडून टाका. मी तारेने काढला भुंगा, या हातांनी, आणि ही बाई शेजारी परात घेऊन उभी होती, पोटुशी होती तेव्हा, मी ओरडलो तिला की बाजूला हो, भुंगा अंगावर पडेल. आज बघा कसा लागलाय.

बोलून झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. साहेब त्यांच्याकडे बघत होते. बिल्डरचा माणूस भाऊ, भाऊ करत होता. पंप चालू होता. पोटुशी होती तेव्हा, म्हणजे माझ्या वेळची गोष्ट, आणि मी तिथे सतरा-अठराची होऊन उभी. भाऊंनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. सावरून घ्यायला जागा होती. माड कुणी दुसऱ्याने लावला म्हणता आलं असतं, दुसरी बाई म्हणता आलं असतं. बिल्डरचा माणूस तेच सुचवत होता. भाऊंनी खोडावरचा हात काढला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "लिहा साहेब. वीस वर्षं."

त्यांनी जबाबाखाली सही केली. मग पांढऱ्या बुटांना मागे टाकून पंपाकडे गेले आणि तिथेच उगाच काहीतरी खुडबुडत बसले. आईने मुद्दाम केलं का, हे मी तिला पुढे अनेकदा विचारलं. ती म्हणायची, मी माडाचं वय विचारलं, त्यात काय. माणसाच्या वयाबद्दल लोक काहीही सांगतात, माळी झाडाबद्दल नाही सांगणार, हे तिला माहीत असणार असं मला वाटतं. आणि भाऊंवर मी आयुष्यभर रागावले नाही, तेही त्या एका सहीमुळे. त्यांचा व्यवहार जरा लांबला, मोडला नाही. त्या जागेवर आता सात मजली इमारती आहेत, वाडी नाही, माड तर नाहीच. मागे एकदा रिक्षाने तिकडून गेले तर नेमकी आमची खोली कुठे होती हेही मला दाखवता येईना.

दिवाळी उलटून गेली, तरी आम्ही खोली सोडली नाही. बाकी तिन्ही खोल्या पाडल्या. आमच्या एका भिंतीला भगदाड पडलं, तिथे आईने लुगडं बांधलं. बिल्डरचा माणूस यायचा, तारीख विचारायचा. किल्ली हातात आली की त्याच दिवशी, आई सांगायची. एकदा त्याने वीज तोडली. भाऊंनीच पंपावरून वायर ओढून दिली. किल्ली मिळाली ती शिमग्याच्या आधी, आणि आई शब्दाची पक्की, त्याच दिवशी टेम्पो बोलावला.

घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. पण दारावर पाटी लागली ती आईच्या नावाची. बाबांनी ती बघितली आणि अक्षर बरं आलंय, एवढंच म्हणाले. ते त्या घरात राहू लागले ते पाहुण्यासारखे. खिळा ठोकायचा तरी विचारून. मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. वीस वर्षं गावच्या घरात आईला मीठ किती घालायचं ते विचारून घालावं लागत होतं, हे मी बघितलं होतं.

त्या वर्षीचे गणपती जवळ आले. वसाहतीतली अर्धी घरं कोकणातली, जिन्यावर पेट्या-पिशव्यांची गर्दी, एकेका दाराला कुलपं लागू लागली. बाबांनी तीन तिकिटं काढून आणली. आईने स्वतःचं परत करायला सांगितलं.

"ह्या घराक कुलूप लावचंय नाय," ती म्हणाली. "तुमी जावा."

बाबांना आधी थट्टा वाटली. मग रागावले, मग समजूत घातली. देवाचं काम आहे, लोक काय म्हणतील, वहिनी एकट्या कशा निभावतील. आई ऐकत राहिली आणि त्यांचे कपडे इस्त्री करून पिशवीत भरत राहिली. मलाही तिने म्हटलं, तुला जायचं तर जा. मी गेले नाही. बाबा एकटे गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच. जिना उतरताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

ते पाच दिवस आमच्या मजल्यावर फक्त आमचंच दार उघडं होतं. आई ते रात्री झोपेपर्यंत मिटूच देईना. शेजारी नाहीत, वर्दळ नाही, तरी उघडं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी वालाची उसळ, जेवण आमच्या दोघींपुरतं. ती दारात पाटावर बसून तांदूळ निवडायची आणि मध्येच उठून घरभर एक चक्कर मारायची. देवाला हात जोडले तिने, नाही असं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीला फूल वाहिलं. पण तिकडे गावी आता काय चाललं असेल, असं ती एकदाही म्हणाली नाही. मीच मनात म्हणत होते. बाबा भावांत एकटे बसले असतील, लोक विचारत असतील, त्यांना अपमान वाटत असेल, आणि परत येतील तेव्हा या घरात भांडण होईल ते जन्माचं. आईलाही ते ठाऊक होतं. तरी दार उघडं.

सहाव्या दिवशी बाबा आले. पिशवीत वहिनींनी बांधून दिलेले मोदक, नारळ, तांदळाची पुरचुंडी. चपला काढून पायरीवरच बसले, पाणी प्यायले. आई आत फरशी पुसत होती. मीच विचारलं, कसे झाले गणपती? बरे झाले, म्हणाले. मग स्वतःहून म्हणाले की सगळ्यांनी विचारलं, बायको का नाही आली. ज्याने त्याने. गावात शिरल्यापासून विसर्जनापर्यंत.

आई दारात आली. तिच्या हातात ओला कपडा होता. "मग काय सांगितलात?" तिने विचारलं.

बाबांनी तांब्या खाली ठेवला.

"सांगितलंय," ते म्हणाले, "ती तिच्या घरात आसा."